चालायचं तर स्वतःच्या पायांनी



कर्जत तालुक्यातलं एक अख्खं गाव पायी चालतं. माथेरान. पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा मिनी ट्रेनने जायचं. वाहनबंदी इथे जुनीच. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला.

नेरळहून वर जाणारी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, आणि पैसा उभा केला त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी. खासगी मोटारीशिवाय गाव चालवण्याच्या या प्रयोगात एका मुस्लिम कुटुंबाचा वाटा आहे, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

पण माथेरानचं नुसतं कौतुक करून मी थांबणार नाही. तिथे वर्षानुवर्षं माणसाने माणसाला हातरिक्षातून ओढलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि या रिक्षाचालकांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. मला तो योग्य वाटतो. हवा स्वच्छ ठेवण्याची किंमत गरिबाच्या छातीने मोजायची नसते. आजारी आणि वृद्धांसाठी ई-रिक्षा असावी. धडधाकट माणसाने चालावं.

आता डोंगराखाली या. नेरळ, कर्जत, खोपोली. नाक्यावरून पाव आणायला बाइक, जुम्याच्या नमाजला बाइक. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या बाइकवर रोज दोन किलोमीटरची फेरी टाळली, तर वर्षाला साधारण ३५ किलो वाचतात. एकट्याचा आकडा लहान आहे, हे मान्य. मोहल्ल्यातल्या शंभर घरांनी ठरवलं, तर तो साडेतीन टन होतो.

मात्र नुसतं ‘चाला’ म्हणणं अर्धवट आहे. चालायचं कुठून? जिथे फूटपाथच नाही, किंवा आहे तिथे गाड्या लावलेल्या, तिथे आई मुलाचा हात धरून ट्रकच्या कडेने जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित फूटपाथ हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. म्हणजे आपण मेहरबानी मागत नाही.

म्हणून दोन कामं सांगतो. जवळची मशीद, शाळा, स्टेशन इथे पायी जा, आणि आपली बाइक फूटपाथवर लावू नका. रस्त्यातला अडथळा दूर करणं हा सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुसरं, शाळा ते स्टेशन हा रस्ता टेप घेऊन मोजा, फोटो काढा आणि अर्थसंकल्पाच्या सभेआधी नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या. पोचपावती मागून घ्या. अर्जावर सगळ्या मोहल्ल्यांच्या सह्या असू द्या. फूटपाथ कुणा एका समाजाचा नसतो.