परसबाग : लहानसा गोल निवडुंग

सासरी ग्वाल्हेरला जाताना आमच्या कन्येने गोल निवडुंगाची एक कुंडी आमच्या स्वाधीन केली. लिंबाएवढा गोळा, अंगावर पांढऱ्या काट्यांची जाळी. तुळशीला पाणी घालताना त्यालाही रोज पेलाभर मिळावे, अशी आम्ही व्यवस्था केली. श्रावणात एके दिवशी बोट लावून पाहिले, तो बुंध्याशी पिकल्या केळ्यासारखा मऊ! निवडुंग तहानेने क्वचितच मरतो, अति पाण्याने मात्र हमखास दगावतो, हे आम्हांस तेव्हा उमगले.

या जातीचे नाव मॅमिलेरिया. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हॉवर्थ यांनी ते १८१२ साली दिले. तिचे माहेर मुख्यत्वे मेक्सिको. तेथेही पाऊस पडतो, पण खडकाळ जमिनीत तो ठरत नाही. आपली माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून कुंडीत निम्मी जाड वाळू व विटांचा चुरा घालावा. उरलेल्या भागात पानांचे कुजलेले खत आणि थोडी बागेतील माती. कुंडी मातीची, रोपाहून बोटभरच मोठी असावी. तळाच्या छिद्रावर खापरी ठेवावी.

उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, माती पुरती सुकल्यावरच, सकाळी कडेने पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून दूर, पडवीत ठेवावी. मार्गशीर्षापासून माघापर्यंत महिन्यातून एखादे वेळी किंचित पाणी पुरे. थंडीतील या उपवासानेच वसंतात फुले येतात. सकाळचे चार-पाच तास ऊन हवे. ते कमी पडले तर गोळा लांबट होऊन उजेडाकडे झुकतो. कापसासारखी पांढरी कीड दिसल्यास स्पिरिटात भिजविलेल्या बोळ्याने पुसून घ्यावी.

वाचकहो, आमच्या कुजलेल्या गोळ्याच्या कडेला एक पिलू मात्र टणक राहिले होते. ते धारदार चाकूने कापले, आठ दिवस सावलीत सुकविले आणि कोरड्या वाळूवर ठेवले. आणखी आठवड्याने थोडे पाणी दिले. त्याने मूळ धरले, आणि तिसऱ्या वर्षी फाल्गुनात त्याच्या माथ्याभोवती इवल्या गुलाबी फुलांचे कडे उमलले.

कन्या माहेरपणाला आली, तेव्हा आम्ही तिला सारे खरे सांगितले. तिने कुंडी परत मागितली नाही. “बाबा, आता तिला तुळशीशेजारी ठेवू नका म्हणजे झाले,” एवढेच ती हसून म्हणाली.