गाणे ऐकायचे की बघायचे?



चौदा एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत नवी भीमगीते वाजू लागतात. पूर्वी ती कॅसेटवर ऐकायची, मग व्हीसीडी आली, आता मोबाइलवर प्रत्येक गाण्याला चित्र लागते. चित्राला आमची हरकत नाही. आपल्या माणसांचे चेहरे पडद्यावर दिसतात याचा आनंदच आहे. परंतु चित्राने गाण्याला दिले काय आणि त्याच्याकडून घेतले काय, हा जमाखर्च कोणीतरी मांडायला हवा.

महाडच्या सत्याग्रहावरील गाणी घ्या. शब्द असतात चवदार तळ्याच्या पाण्याचे, २० मार्च १९२७ चे. आणि पडद्यावर येतात हाती संविधान घेतलेले, चष्मा लावलेले प्रौढ बाबासाहेब. त्या दिवशी ते पस्तीस वर्षांचे होते. संविधान स्वीकारले गेले २६ नोव्हेंबर १९४९ ला, म्हणजे बावीस वर्षांनंतर! पुतळ्याला हे शोभते, कारण पुतळा अवघ्या जीवनाचे प्रतीक असतो. गाणे मात्र एका दिवसाची हकिकत सांगत असते. लहान मूल शब्द विसरेल, बघितलेले विसरत नाही. कित्येक व्हिडिओंत जब्बार पटेलांच्या चित्रपटातील मामुट्टींची दृश्ये जोडलेली असतात. नट मोठा, काम उत्तम. पण घरातल्या पोरांना तोच चेहरा बाबासाहेबांचा वाटू लागला, तर त्यांना मूळ छायाचित्र कोण दाखवणार?

याहून मोठे नुकसान शेवटच्या अंतऱ्याचे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गाण्याच्या अखेरीस आपले नाव गुंफत. ही शाहिरांची जुनी रीत आहे, संतांच्या अभंगांतही ती दिसते. यात मोठेपणाची हौस नव्हती. गाणे छापले न जाता तोंडातोंडी गावोगाव जायचे, तेव्हा कवीचे नाव टिकायला गाण्याच्या पोटाशिवाय दुसरी जागाच नव्हती. व्हिडिओ करणारा गाणे लांबते म्हणून कात्री लावतो, ती बहुधा तिथेच. कवी गेला, निर्मात्याचे नाव मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कोपऱ्यात झळकत असते. कॅसेटच्या वेष्टनावर निदान गीतकार छापलेला असे.

उलट औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कडूबाई खरात बघा. हातात एकतारी, अंगावर साधी साडी. ना सजावट, ना नाचणाऱ्या मुली. तरी त्यांचे गाणे मोबाइलवरून गावोगाव पोहोचले. तिथे डोळ्यांना बघायला गाणारी बाईच असते, म्हणून कान शब्दांवर राहतो. खर्चही जवळपास काही नाही, हे मंडळांच्या खजिनदारांनी ध्यानात घ्यावे.

ज्या मंडळांनी यंदा वर्गणीतून व्हिडिओ करायचे ठरवले आहे, त्यांनी ध्वनिमुद्रणाआधी पूर्ण गाणे वहीत उतरवून घ्यावे, जाणत्यांकडून तपासावे, आणि शेवटच्या अंतऱ्याला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे. अर्धा-पाऊण मिनिट भरेल.