मिस्त्रीला उघडता येईल काय?

ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली, तर गावचा वायंडिंगवाला दोन दिवसांत भरून देतो, ऊस वाचतो. काँप्युटर बसवलेल्या नव्या ट्रॅक्टरचे तसे नाही. बिघाड शोधायलाच कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन यावा लागतो (बिल वेगळेच!), आणि लागण काही त्याच्यासाठी थांबत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदाच केला : सुटे भाग, माहितीपुस्तक, सॉफ्टवेअर कंपनीने शेतकऱ्याला द्यायचेच. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेती अवजारे आहेत. पण नुसत्या समितीवर विसंबू नये, असे आम्हांस वाटते. सुटे भाग किती वर्षे मिळतील, गावच्या मिस्त्रीने हात लावला तर गॅरंटी जाईल काय, हे खरेदीआधीच विचारावे. उत्तर लेखी घ्यावे.