कोड पाचशेचा, क्लास पस्तीस हजारांचा

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात पंचवीस-तीस वयाचा मुलगा किंवा मुलगी असेल आणि "एक्सपोर्ट करायचंय" असं म्हणत असेल, तर पूर्ण वाचा.

गेल्या रविवारी मुलुंडला एका हॉलमध्ये जाऊन बसलो. मोफत सेमिनार, "नोकरी सोडा, निर्यातदार व्हा". दीडशे-पावणेदोनशे माणूस. अर्धी तरुण पोरं, बाकीचे व्हीआरएस घेतलेले काका आणि घरचा मसाल्याचा व्यवसाय करणाऱ्या ताया. मंचावर सूटबूट. पहिलंच वाक्य : "मराठी माणूस धंद्यात मागे का?" टाळ्या. मग दुबईत भेंडी किती दिरहमला जाते त्याची स्लाइड. पुन्हा टाळ्या. दोन तासांनंतर मुद्दा आला : तीन दिवसांचा कोर्स, फी पस्तीस हजार, आज भरलात तर अठ्ठावीस. सोबत "लायसन्स" काढून देणार आणि दोन हजार परदेशी खरेदीदारांची यादी.

प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मी हात वर केला. म्हटलं, सर, गेल्या वर्षभरातलं तुमचं स्वतःचं एक शिपिंग बिल दाखवा, रकमा झाका हवं तर. उत्तर आलं, "ते ट्रेड सीक्रेट असतं." माइक पुढच्या रांगेत गेला.

आता हे "लायसन्स" म्हणजे काय ते सांगतो. इम्पोर्टर एक्सपोर्टर कोड, आयईसी. डीजीएफटीच्या वेबसाइटवर घरी बसून अर्ज करायचा. पॅन, पत्त्याचा पुरावा, बँक खात्याचा कॅन्सल्ड चेक. सरकारी फी ५०० रुपये. कागद नीट असतील तर नंबर बहुधा त्याच दिवशी मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अपडेट करावी लागते, त्या काळात ते मोफत होतं. नाही केलं तर कोड निष्क्रिय होतो, हे त्या हॉलमध्ये कुणी सांगितलं नाही. हा कोड म्हणजे धंदा नव्हे, तो ड्रायव्हिंग स्कूलचा अर्जसुद्धा नव्हे. नुसता फॉर्म.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने दोन वर्षांपूर्वी असाच कोर्स केला, दुसऱ्या कुणाकडे. वडील बेस्टमधून निवृत्त, पैसे त्यांच्या फंडातले. कोड काढून द्यायचे वेगळे नऊ हजार घेतले. यादीतले निम्मे ईमेल परत आले. एका "बायर"ने उत्तर दिलं, गुळाची पावडर हवी, आधी सॅम्पल पाठवा. याने स्वतःच्या खर्चाने चाळीस किलो एअरने पाठवली. पंधरा दिवसांनी निरोप : रंग जरा फिकट आहे, अजून एक लॉट पाठवा. तोही पाठवला. त्यानंतर फोन बंद. पोरगं आता कुरियर कंपनीत आहे आणि वडिलांसमोर बसून जेवत नाही, उशिरा येतो. यादी विकणाऱ्याचं काय बिघडलं? काही नाही. त्याची पुढची बॅच भरली.

माझा राग फीवर नाही. शिकवण्याचे पैसे घ्यावेत, माझी ना नाही. राग यावर आहे की जे अवघड आहे तेच गाळून विकलं जातं.

अवघड काय? पैसा अडकणं. केळ्याचा एक कंटेनर म्हणजे वीसेक टन माल. शेतकऱ्याला, पॅक हाउसला, ट्रकला, जहाजाच्या भाड्याला पैसे आज लागतात. तिकडचा माणूस देणार माल पोचल्यावर, आणि तेही त्याचं मन चांगलं असेल तर. मधले दिवस कोणाच्या खिशातून काढायचे? हा एकच प्रश्न खरा धंदा आहे. अ‍ॅडव्हान्स मिळतो का, एलसी उघडतो का, की नुसत्या विश्वासावर कागद सोडायचे, हे ठरवता आलं तर निर्यातदार. नाहीतर आपण फुकट माल वाटणारे. शिवाय पैसे नाही आले तर रडून भागत नाही, बँक विचारते. ठरलेल्या मुदतीत परकीय चलन आणायची जबाबदारी फेमा कायद्याने तुमच्यावर आहे.

पैसे बुडू नयेत म्हणून केंद्र सरकारची एक कंपनी १९५७ पासून विमा देते, ईसीजीसी. तिचं मुख्य कार्यालय कुठे? अंधेरी पूर्वेला! आपल्या पोरांना दुबईतल्या भेंडीचा भाव माहीत, ईसीजीसी माहीत नाही.

आणि कागद. मे २०२५ मध्ये आंब्याच्या किमान पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. विकिरण प्रक्रिया नवी मुंबईत झालेली होती, फळात खोट नव्हती, कागदपत्रांत गोंधळ होता. निर्यातदारांपुढे दोन पर्याय : माल परत आणा किंवा तिथेच नष्ट करा. नाशवंत माल परत आणायचा खर्च कोण करणार? आंबा नष्ट झाला. हे वर्षानुवर्षं धंद्यात असलेल्यांचं झालं, तीन दिवसांच्या सर्टिफिकेटवाल्यांचं नव्हे.

मी मूळचा निफाडचा, म्हणून कांद्याचंही बोलणारच. १९ ऑगस्ट २०२३ला ४० टक्के निर्यात शुल्क. मग ७ डिसेंबरची अधिसूचना आणि ८ पासून थेट बंदी. ४ मे २०२४ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्कासकट. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ला. तुम्ही मलेशियाच्या गिऱ्हाइकाला शब्द दिलेला असतो आणि सकाळी उठून बघता तर दार बंद. गिऱ्हाईक थांबत नाही, दुसऱ्या देशाचा कांदा घेतं. "निर्यात वाढवा" म्हणून भाषणं देणाऱ्या सरकारांनी, कुठल्याही पक्षाच्या, याचं उत्तर द्यावं. सेमिनारवाले फसवतात ते निदान हॉलचं भाडं तरी भरतात.

सरकारची दुसरी चूक म्हणजे मोकळी सोडलेली जागा. डीजीएफटीचं मुंबई कार्यालय चर्चगेटला. बोरिवली-मुलुंडच्या मुलाला मराठीत, समोर बसवून, "बाबा, हा फॉर्म असा भर आणि अमक्याच्या नादी लागू नको" असं सांगणारं खिडकीएवढं केंद्र उपनगरात का नसावं? वॉर्ड ऑफिसात महिन्यातून एक शनिवार दिला तरी या दुकानांची निम्मी गर्दी ओसरेल. आमच्या आमदार-नगरसेवकांना दहीहंडीच्या फलकांतून वेळ मिळाला तर ही मागणी त्यांनी लावून धरावी.

तोवर काय? अंधेरी घ्या. सीप्झ १९७३ पासून उभं आहे, सहारचं एअर कार्गो शेजारी. मरोळ-सहार भागात क्लिअरिंगवाल्यांची ऑफिसं आहेत. तिथे दोन वर्षं कमी पगारावर काम करा. शिपिंग बिल भरा, कस्टमच्या शंका झेला, माल का अडकतो ते बघा. घाटकोपरच्या पेढ्यांवर पोरं अशीच तयार झाली, गल्ल्यामागे बसून. त्यांना कुणी सर्टिफिकेट दिलं नव्हतं. आपण मात्र त्यांच्याकडे बोट दाखवून "ते बघा कसे पुढे गेले" म्हणायचं आणि शिकायला एसी हॉलमध्ये जायचं.

प्रामाणिक शिकवणारे आहेत, दोघांना मी ओळखतो. ते पहिल्याच दिवशी विचारतात की सहा महिने पैसे आले नाहीत तर घर चालेल का. त्यांच्याकडे गर्दी नसते.

ज्यांनी कुठेतरी फी भरली आणि कबूल केलेलं मिळालं नाही, त्यांनी पावती, जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. परदेशी "बायर"ने रजिस्ट्रेशन फी म्हणून ऑनलाइन पैसे उकळले असतील तर १९३०, आणि तेही लगेच, दुसऱ्या दिवशी नाही. लाजू नका. नाव न छापता लिहीन, इनबॉक्स उघडा आहे. पुढच्या रविवारी बोरिवलीत असाच एक कार्यक्रम आहे. मी जाणार आहे, शिपिंग बिलाचा प्रश्न पुन्हा विचारणार आहे. सोबत कोण येतंय?