निःशस्त्र दक्षिण आशियाचा जाहीरनामा

9 मार्च 2022 च्या संध्याकाळी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातल्या मियां चन्नू शहराजवळ जाऊन कोसळले. त्यात स्फोटके नव्हती. कुणी दगावले नाही. चौकशी झाली, हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले आणि दोन्ही देश पुढच्या बातमीकडे वळले. आम्ही वळलो नाही. दोघांकडे मिळून साडेतीनशेच्या आसपास अण्वस्त्रे असल्याचा अंदाज आहे आणि लाहोर-दिल्ली हे अंतर क्षेपणास्त्राला काही मिनिटांचे आहे. एवढ्या वेळात चूक की हल्ला हे ठरवायचे, आणि ते ठरवणार माणसेच. कोट्यवधींचे जगणे अशा मिनिटांवर सोडून देण्याला सुरक्षा म्हणायला आम्ही तयार नाही.

बॉम्ब आला की युद्धे थांबतात, असे आम्हाला सांगितले गेले. मे 1998 मध्ये पोखरण आणि चागाईला चाचण्या झाल्या; मे 1999 मध्ये कारगिल पेटले. दहशतवादही थांबला नाही. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला 26 माणसे मारली गेली, त्यांतली सहा महाराष्ट्रातली होती. त्यांच्या घरच्यांना न्याय हवा आहे आणि तो आम्हालाही हवा आहे. मारेकऱ्यांना पाठीशी घालणाऱ्या कुणाशीही आमचे नाते नाही. पण मे 2025 मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या चार दिवसांत जे वृत्तनिवेदक रात्रभर शहरे जिंकत होते, त्यांच्याशीही नाही.

हा विषय दिल्लीचा म्हणून महाराष्ट्राला झटकता येणार नाही. 1974 च्या पहिल्या चाचणीचे प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतले होते. दारूगोळा खडकीत, वरणगावात, भंडाऱ्यात तयार होतो आणि पुलगावात साठवला जातो. 2016 मध्ये सियाचिनवर हिमस्खलनात दहा जवान गाडले गेले, त्यांत एक सातारा जिल्ह्यातला होता. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे पालघरचे आदिवासी मासेमार पाण्यावर न दिसणारी सीमा ओलांडतात आणि कराचीच्या तुरुंगात जातात. त्यांच्या बायका इथे सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. युद्ध नसतानाही युद्धाची किंमत भरणारी ही माणसे आहेत, आणि ही चळवळ आधी त्यांची आहे.

निःशस्त्रीकरण हे भाबड्यांचे स्वप्न आहे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही कागद दाखवू. भारताने आपल्या रासायनिक शस्त्रांचा साठा जगापुढे जाहीर केला, आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना आत घेतले आणि 2009 पर्यंत तो पूर्ण नष्ट केला. देश दुबळा झाला नाही. बहुतेकांना हे घडल्याचे कळलेदेखील नाही. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तानने 1988 मध्ये केला. त्यानुसार 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरही ती दिली गेली, संसदेवरच्या हल्ल्यानंतरही, मुंबईवरच्या हल्ल्यानंतरही. ज्यांच्यावर काडीचा विश्वास नाही त्यांच्याशीही करार पाळता येतो, हे या दोन सरकारांनीच सिद्ध केले आहे. शांततेसाठी आधी प्रेम जडावे लागत नाही. मोजता येईल, तपासता येईल अशी अट लागते आणि तिच्याखाली दोन सह्या लागतात.

म्हणून आम्ही सह्या मागणार आहोत. वाघा सीमेवरच्या मेणबत्त्यांचा आम्ही आदर करतो, पण मेणबत्तीला कोणतेही सरकार बांधील नसते. अण्वस्त्र प्रथम न वापरण्याचे धोरण भारताने स्वतःपुरते जाहीर केले आहे. पाकिस्तानने ते मान्य केलेले नाही. ते दोघांना बांधणारा करार झाले पाहिजे. अण्वस्त्रे क्षेपणास्त्रांपासून वेगळी ठेवण्याची लेखी हमी मिळाली पाहिजे. बॉम्बसाठी प्लुटोनियम आणि समृद्ध युरेनियम बनवणे दोघांनी एकाच दिवशी थांबवले पाहिजे. 2017 मध्ये 122 देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार स्वीकारला, तेव्हा त्या वाटाघाटींत आपण नव्हतो आणि पाकिस्तानही नव्हता. ती खुर्ची रिकामी राहू नये, हे आमचे दूरचे उद्दिष्ट आहे.

दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांना आम्ही वेगळे सांगतो. शस्त्रे नकोत म्हणणारे आपली चूल विझवायला आलेत, असे तुम्हाला वाटत असेल. तसे वाटणे चूक नाही, कारण शांततेवर बोलणाऱ्यांनी तुमच्या पगाराचा हिशेब फारसा कधी केला नाही. आम्ही तो पहिल्या पानावर लिहितो. पुलगावात 2016 मध्ये आणि भंडाऱ्यात 2025 मध्ये जे स्फोटात गेले ते कोणत्याही शत्रूच्या गोळीने गेले नाहीत. तुमच्या हातातले यंत्रकौशल्य रेल्वेला, रुग्णालयांना, शेतीच्या अवजारांना हवे आहे. एका कामगाराचीही नोकरी न जाता कारखान्याचे उत्पादन कसे बदलेल, याचा आराखडा तुमच्या संघटनांबरोबर बसून तयार केल्याशिवाय आम्ही एकही कारखाना बंद करण्याची मागणी करणार नाही. हे वचन आहे आणि ते मोडले तर आम्हाला दारात उभे करू नका.

पहिले पाऊल सियाचिनवर पडेल. 1984 पासून तिथे गोळीपेक्षा थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेने जास्त सैनिक मारले आहेत. 2012 मध्ये गयारीच्या एकाच हिमस्खलनात पाकिस्तानने सुमारे 140 माणसे गमावली. सैन्य मागे घेण्याची बोलणी पुन्हा पुन्हा झाली आणि एकाच गाठीशी अडली. आज कुणाची चौकी कुठे आहे याची नोंद आधी सहीनिशी व्हावी, असे भारत म्हणतो. ती सही करायला पाकिस्तान तयार नाही. आम्हाला भारताची ही मागणी रास्त वाटते आणि सीमेपलीकडच्या शांतता कार्यकर्त्यांनाही आम्ही हे स्पष्ट सांगणार आहोत. नोंद झाली की खाली उतरायला मात्र भारताने सबब शोधू नये.

येत्या 1 जानेवारीला दोन्ही सरकारे दोन याद्या एकमेकांच्या हाती देतील: अणुकेंद्रांची आणि तुरुंगातल्या कैद्यांची. त्या दिवशी आम्ही डहाणूच्या किनाऱ्यावर मासेमारांच्या कुटुंबांसह जमणार आहोत. शिक्षा भोगून झालेल्या प्रत्येक मासेमाराची सुटका आणि सियाचिनवरच्या चौक्यांची तिसरी यादी, या दोन मागण्यांच्या निवेदनावर तिथे सह्या होतील. मराठी, हिंदी आणि उर्दूतल्या त्याच्या प्रती दोन्ही देशांच्या परराष्ट्र मंत्रालयांना जातील. या, सही करा, आणि तुमच्या गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला बरोबर आणा.