पालकांना कुणी विचारले होते?

लैंगिक शिक्षण हा शब्द उच्चारला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एका तटावरील मंडळी पालकांना मागासलेले ठरवून मोकळी होतात, तर दुसऱ्या तटावरून संस्कृती बुडाल्याची हाकाटी सुरू होते. ज्यांची मुले रोज सकाळी दप्तर पाठीला लावून शाळेत जातात, त्या आई-वडिलांचे म्हणणे मात्र या गदारोळात हरवून जाते.

महाराष्ट्रात 2007 साली हेच घडले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय यांनी किशोरवयीनांसाठी एक शिक्षण कार्यक्रम आखला होता. त्यातील सचित्र साहित्य वर्गात उघडण्याचा संकोच अनेक शिक्षकांनाच वाटला. विधानसभेत सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरून आक्षेप आले आणि राज्यात हा कार्यक्रम बंद झाला. तेव्हा सत्तेवर विलासराव देशमुख यांचे काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे सरकार होते. बंदी ही केवळ 'प्रतिगाम्यांची' करणी असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. पुढे 2009 साली व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांत असे शिक्षण नको, असाच अभिप्राय दिला. कार्यक्रम दिल्लीत ठरला आणि मुंबईत थांबला. त्यात पालकांचा वाटा किती?

पुण्याच्या पूर्वेचे हडपसर पाहावे. एकेकाळी भाजीपाल्याच्या मळ्यांचे हे गाव. पुढे औद्योगिक वसाहत आली आणि नंतर सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली जवळपास 400 एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा नगर उभारले. आज गावठाणातील जुनी घरे, सोलापूर रस्त्यालगतच्या चाळी आणि संगणक अभियंत्यांच्या सदनिका हाकेच्या अंतरावर नांदतात. या सर्व घरांना एकच अभ्यासक्रम सारखा मानवेल, असे गृहीत धरणे भाबडेपणाचे आहे. कोणत्या इयत्तेत काय सांगणार? कोण सांगणार? मुला-मुलींना एकत्र की वेगळे? पुस्तक आधी पाहायला मिळेल का? हे प्रश्न विचारणारी आई बुरसटलेली नव्हे. ती आपले कर्तव्यच करीत आहे.

परंतु पालकांच्या बाजूने बोलतानाच एक कटू गोष्टही सांगायला हवी. 'हे घराचे काम आहे' असे म्हणणाऱ्या घरांपैकी किती घरे ते काम खरोखर करतात? पूर्वी मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवीत, ओटी भरीत. त्या निमित्ताने आजी, आत्या, मावशी तिला चार गोष्टी समजावून सांगत. त्या प्रथेला बालविवाहाची काळी किनार होती, ती परत आणावी असे कुणी म्हणणार नाही. पण ऋतुप्राप्ती ही तेव्हा लपविण्याची गोष्ट नव्हती. आज दोन खोल्यांच्या घरात आई-वडील दोघेही कामाला, आजी गावी आणि मुलाच्या हाती मोबाइल. आत्याची जागा त्या यंत्राने घेतली आहे, आणि ते काय दाखविते याची चौकशी कुणी करीत नाही. मुलग्यांची स्थिती तर अधिकच वाईट. त्यांच्याशी बोलण्याचा विचारही बापाच्या मनात येत नाही.

योगायोग असा की, राज्यात बंदी आली त्याच वर्षी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा बाल-अत्याचारविषयक अभ्यास प्रसिद्ध झाला. 13 राज्यांतील 12,447 बालकांची पाहणी त्यात होती. त्यांपैकी 53 टक्क्यांहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांत ओळखीच्या, विश्वासातील माणसांचे प्रमाण मोठे होते. 2012 साली 'पॉक्सो' कायदा झाला. तरीही 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्या मुलींच्या प्रकरणाने महाराष्ट्र हादरला. आपल्या शरीराच्या कोणत्या भागाला कुणी हात लावू नये आणि लावल्यास आईला तत्काळ सांगावे, हे चार वर्षांच्या मुलीला शिकविण्यात कोणती संस्कृती बुडते?

हा वाद नवा नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले, खटले सोसले. त्यांची अनेक मते सर्वसामान्य गृहस्थाला तेव्हा पटली नाहीत आणि आजही पटणार नाहीत. पण त्यांचा रोख प्रौढ वाचकांवर होता. त्यांनी आई-बापांना वळसा घालून मुलांना गाठले नाही. आजच्या उत्साही सुधारकांनी निदान एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा पाठ आहेच. ऋतुचक्रापासून भाडोत्री मातृत्वापर्यंत सारे त्यात आले आहे. मात्र वयात येण्याचे बदल पाचवी-सहावीतच सुरू होतात, तेव्हा दहावीपर्यंत थांबणे म्हणजे वरात गेल्यावर वाजंत्री बोलावणे. आणि तो पाठही 'घरी वाचून या' म्हणून उरकला जात असेल, तर तो छापला कशाला?

जूनमध्ये शाळा उघडताच पालकसभा घ्यावी. वर्षभरात जे शिकविणार ते साहित्य सर्वांसमोर टेबलावर ठेवावे, शिकविणाऱ्या बाईंची आणि सरांची ओळख करून द्यावी, आणि हरकती लिहून घ्याव्यात. सभा मंगळवारी सकाळी अकराला ठेवली, तर हडपसरच्या कारखान्यात पहिल्या पाळीवर असलेला बाप येणार कसा? ती रविवारी ठेवावी, आणि निमंत्रणावर आईबरोबर वडिलांचेही नाव लिहावे.