नीटनेटके केस म्हणजे कुणासारखे केस?

शाळेच्या नियमांत 'केस नीटनेटके असावेत' असं एक वाक्य असतंच. वाचायला साधं वाटतं. पण नीटनेटके म्हणजे नेमकं कुणासारखे? ऑगस्ट २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शाळकरी मुलींनी हाच मुद्दा काढला होता.

प्रिटोरिया हायस्कूल फॉर गर्ल्स ही शाळा वर्णभेदाच्या काळात फक्त गोऱ्या मुलींची होती. पुढे कृष्णवर्णीय मुली आल्या, पण चांगल्या केसांची कल्पना जुनीच राहिली. मुलींचं म्हणणं होतं, की आमचे केस जसे उगवतात तसे ठेवले तर ते अस्ताव्यस्त ठरतात, सरळ करून या असं सांगितलं जातं. त्या विरोधाला उभ्या राहिल्या. १३ वर्षांची झुलैखा पटेल त्यांच्यात पुढे होती. शेवटी प्रांताच्या शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातलं आणि केसांचा नियम स्थगित झाला.

केसांवरून एवढं? हो. त्याच देशात पूर्वी माणूस 'गोरा' आहे की नाही हे ठरवायला केसांत पेन्सिल खोचून बघत. खाली पडली तर गोरा, अडकली तर नाही. आपण मुलांच्या हातात देतो ती पेन्सिल!

मुळात हे केस वेगळे. टाळूवरचं तेल स्प्रिंगसारख्या वळणांवरून टोकापर्यंत सहज उतरत नाही, म्हणून ते कोरडे पडतात, विंचरताना तुटतात. बारीक वेण्या ही नुसती फॅशन नव्हे, केस जपायची रीत आहे. उलट केस सरळ करायच्या क्रीममध्ये तीव्र रसायनं असतात, टाळू भाजूही शकते. शिस्तीच्या नावाखाली पोरींनी हे का सोसायचं? अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदाच केला, की अशा केसांवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करायचा नाही. त्यासाठी कायदा लागला, यातच सगळं आलं.

आपला इतिहास वेगळा आहे, दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणणार नाही. पण कुरळ्या केसांच्या मुलीला 'झिपरी' म्हणणारे आपल्या वर्गातही असतात. कधीकधी स्टाफरूममध्येसुद्धा.

'हेअर लव्ह' नावाची छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म आहे, २०२० मध्ये ऑस्कर मिळालेली. एक कृष्णवर्णीय बाबा लेकीचे केस बांधायला बसतो आणि त्याची जी तारांबळ उडते ती बघाच. संवाद जवळजवळ नाहीत, त्यामुळे दुसरीची मुलंही रमतील. काही मिनिटांत संपते, तासिका वाया गेली असं मुख्याध्यापकही म्हणणार नाहीत.